पॉलिमर पिस्तूल, काजूची रोकड आणि आपला जिल्हा

कसालहून बोलतोय. ज्यांना एपिसोड ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिहून ठेवलंय. बोललो तसंच आहे, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमुळे निघाला. पाठवणारा आपल्याच जिल्ह्यातला, पंचविशीचा पोरगा. वडिलांचा काजू बी खरेदीचा धंदा आहे. सीझनला रोज वाड्यांवर फिरायचं, रोख पैसे देऊन बी घ्यायची, संध्याकाळी उरलेली रोकड घेऊन घरी यायचं. गेल्या सीझनला रात्रीच्या वेळी मालवण रस्त्यावर एक बाईक बराच वेळ त्याच्या टेम्पोच्या मागे राहिली. काही झालं नाही, पण माणूस घाबरला. आता तो विचारतोय, "दादा, रोज जवळ ठेवायला पॉलिमर फ्रेमचं भरवशाचं पिस्तूल कुठलं? आणि त्याला ट्रिगर, साइट, मोठं मॅगझिन असं कस्टमाइज करून मिळतं काय?" मेसेजच्या शेवटी, जरा घाईत, तो आणखी एक वाक्य बोललाय. घरात धाकटा भाऊ आहे, तो नोकरी गेल्यापासून नीट जेवत नाही, बोलत नाही, म्हणून पिस्तूल ठेवायचं कुठे हापण प्रश्न आहे.

मी सॉफ्टवेअरवाला, वकील नाही की बंदुकीचा दुकानदार नाही. पण प्रश्न मनापासून विचारलाय आणि त्याला "असले धंदे करू नको" एवढं सांगून कटवणं मला पटत नाही. तेव्हा नीट बोलू.

आधी पॉलिमरचं काय एवढं कौतुक आहे ते सांगतो. पिस्तुलाची फ्रेम म्हणजे हातात धरतो तो भाग. पूर्वी ती पोलादाची नाहीतर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असायची. १९७० मध्ये हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीने व्हीपी ७० नावाचं प्लास्टिक फ्रेमचं पिस्तूल काढलं. ते फार चाललं नाही. मग ऑस्ट्रियात गॅस्टन ग्लॉक नावाचा माणूस आला. त्याने आयुष्यात आधी पिस्तूल बनवलं नव्हतं. त्याची कंपनी पडद्याचे रॉड, चाकू असल्या वस्तू करायची. त्याचं ग्लॉक १७ ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये निवडलं आणि बाकीच्या कंपन्या त्याच्या मागे धावल्या. फक्त ३४ सुटे भाग. रिकामं असताना पाऊण किलोच्या आत वजन. इंजिनिअर माणसाला हे बघून बरं वाटतं, मलापण वाटतं. भाग कमी तर बिघडायच्या जागा कमी.

आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलेला बुरशी येते, तिथे न गंजणारी फ्रेम म्हटल्यावर कान टवकारणारच. पण गंजत नाही ती फक्त फ्रेम. वरची स्लाइड, नळी, आतल्या स्प्रिंगा, मॅगझिनची स्प्रिंग, हे सगळं धातूचंच. खारी हवा आणि कमरेचा घाम तिथे आपलं काम करतातच.

आता कायदा. युट्यूबवर जे बघतो ते बहुतेक ९ मिमीचं असतं. भारतात ९ मिमी हा प्रतिबंधित बोर आहे, कारण ती सैन्याची आणि पोलिसांची गोळी. त्याचा परवाना सिंधुदुर्गनगरीत मिळत नाही, विषय थेट दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. शिवाय साध्या नागरिकाला परदेशातून पिस्तूल आयात करता येत नाही, नेमबाजांचा मार्ग वेगळा. म्हणजे मेसेजमध्ये तू ज्या तीन मॉडेलांची नावं घेतलीस ती तिन्ही इथेच बाद झाली.

उरतं काय? मुख्यतः .३२. सरकारी कारखान्यातलं अशनी पिस्तूल, तेपण धातूच्या फ्रेमचं. कानपूरची .३२ रिव्हॉल्व्हर. २०१४ मध्ये कानपूरच्याच कारखान्याने 'निर्भीक' काढली, दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर, बायकांसाठी म्हणून. वजन अर्धा किलो आणि किंमत १ लाख २२ हजार रुपयांच्या वर. तेव्हा लोकांनी विचारलंच होतं की एवढे पैसे कुठल्या बाईकडे आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरात ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातल्या एकीने २०२३ मध्ये 'प्रबल' नावाची रिव्हॉल्व्हर आणली, साधारण ७०० ग्रॅमची. खाजगी कंपन्यापण आता या क्षेत्रात उतरल्यात.

एक गोष्ट दुकानात जाणाऱ्या पुष्कळांना माहीत नसते. पिस्तुलाची .३२ आणि रिव्हॉल्व्हरची .३२ या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. आकडा सारखा, काडतूस वेगळं, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. आणि .३२ पिस्तुलाच्या गोळीची ताकद ९ मिमीच्या निम्म्याहून कमी. जे व्हिडिओ बघून तू मन बनवलंयस ते वेगळ्याच वस्तूचे आहेत.

बरं, आता 'भरवशाचं' या शब्दावर येतो, कारण माझ्या मते खरी गोम इथे आहे.

आम्ही कोड लिहितो तेव्हा "माझ्या लॅपटॉपवर चाललं" याला कोणी भरवसा म्हणत नाही. टेस्ट लागते, पुन्हा पुन्हा, वाईट परिस्थितीत. पिस्तुलाचंपण तेच आहे. अमेरिकेत जो माणूस पिस्तूल जवळ बाळगतो, तो नवीन घेतल्यावर त्यातून शेकडो गोळ्या रेंजवर उडवतो. जी गोळी रोज भरून ठेवणार तीच वापरून बघतो. मॅगझिन अडकतं का, रिकामं काडतूस नीट बाहेर पडतं का, घामेजल्या हाताने पकड ढिली झाली की काय होतं, हे सगळं त्याला अनुभवाने कळतं. तेव्हा कुठे तो म्हणतो, हे भरवशाचं.

आपल्याकडे परवान्यावरच लिहिलेलं असतं की एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची. प्रत्येक काडतुसाचा हिशोब. घराच्या मागे परड्यात जाऊन सराव करायची सोय नाही, आणि करूही नये. त्यामुळे होतं असं की, माणूस लाखभर रुपये घालतो, पाच-दहा गोळ्या उडवून बघतो आणि मग ते पिस्तूल पुढची दहा वर्षं कपाटात. काडतुसं तीच, पावसाळे दहा. आणि ज्या रात्री गरज पडेल त्या रात्री, आमच्या भाषेत सांगायचं तर, पहिली टेस्ट थेट प्रॉडक्शनवर. ब्रँड कुठलापण घे, याला भरवसा म्हणता येत नाही. भरवसा वस्तूत थोडा असतो, बाकीचा सरावात असतो, आणि तो सराव इथल्या साध्या परवानाधारकाच्या वाट्याला येतच नाही.

भरवशाची दुसरी बाजू लोक विसरतात. ट्रिगर दाबल्यावर गोळी सुटली पाहिजे, हे झालं अर्धं. ट्रिगर दाबला नाही तर ती कधीच सुटता कामा नये, हे उरलेलं अर्धं. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. कपाटात ठेवताना हातातून पडली आणि सुटली, असं त्याच्या मॅनेजरने सांगितलं. समोर चोर नव्हता, भांडण नव्हतं. माणूस विमानतळावर निघायच्या तयारीत होता.

जुन्या वस्तूचाच दोष असतो असंही नाही. सिग सावरचं पी ३२० हे अगदी आधुनिक पॉलिमर फ्रेमचं पिस्तूल. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकी सैन्याने त्याच घराण्यातलं मॉडेल निवडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ठरावीक कोनात पडलं तर ते सुटू शकतं हे समोर आल्यावर, कंपनीला ग्राहकांसाठी मोफत दुरुस्तीची घोषणा करावी लागली. एवढी मोठी कंपनी, एवढ्या चाचण्या, आणि तरी. इथे मात्र आपण दुकानदाराच्या "एकदम मस्त पीस आहे, साहेब" वर विश्वास ठेवतो.

आता कस्टमायझेशन. यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण उत्तर छोटं आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ बघ. शस्त्र बनवणं, विकणंच नाही, तर त्यात बदल करणं, ते दुरुस्त करणं यालापण वेगळा परवाना लागतो. कलम ६ नळी आखूड करण्याबद्दल आहे. तुझ्याकडे असतो तो बाळगायचा परवाना, हात घालायचा नाही. ट्रिगर हलका करून देणारा "एक माणूस आहे ओळखीचा" असं कोणी सांगितलं, तर तो माणूस तुला तुरुंगाचा रस्ता दाखवतोय. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, कारखान्याने ठरवलेला ट्रिगरचा जडपणा हापण सुरक्षेचाच भाग असतो. खिशातल्या, कमरेच्या पिस्तुलाचा ट्रिगर हलका करणं म्हणजे वर सांगितलेलं दुसरं अर्ध बिघडवणं.

ज्याला खरंच पिस्तूल आपल्या हाताप्रमाणे घडवायची हौस आहे, त्याने नेमबाजीकडे जावं. घाट चढलं की कोल्हापूर. राही सरनोबत तिथलीच, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक. या खेळात पिस्तुलाची लाकडी मूठ खेळाडूच्या तळव्याच्या मापाने तासलेली असते, बोटांच्या खाचांसकट. १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा, वजन दीड किलोच्या आत हवं, आणि अख्खं पिस्तूल ठरलेल्या मापाच्या खोक्यात बसलं पाहिजे. हे सगळं नियमात लिहिलेलं, तपासलेलं. तिथे तू दिवसाला शंभर छर्रे मारलेस तरी कोणी विचारणार नाही.

आणि डिझाइनचाच किडा असेल तर पुण्यात पाषाणला डीआरडीओची एआरडीई आहे. २०२१ मध्ये तिथे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्याबरोबर 'अस्मी' ही ९ मिमीची मशीन पिस्तूल तयार झाली, चार महिन्यांत. खालचा भाग कार्बन फायबरचा, ट्रिगरचे काही भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने केलेले. मेकॅनिकलवाल्या मित्रांनो, असल्या कामासाठी पगारपण मिळतो!

आता जरा आपल्या जिल्ह्याकडे बघू, कारण आपल्याला बंदूक नवीन नाही. कितीतरी घरांत शेतीसंरक्षक परवान्याची बंदूक आहे, ठासणीची नाहीतर एकनळी काडतुसाची. रानडुक्कर, गवा, माकडं, ज्याच्या भातात एका रात्रीत डुकरांचा कळप लोळून गेलाय त्याला ती का लागते हे सांगावं लागत नाही. आमच्या शेजारच्या आजोबांना मी या एपिसोडबद्दल सांगितलं तर ते म्हणाले, "पिस्तुलान काय डुकर मरतलो? मगे तुका ता कित्याक व्हया?" प्रश्न साधा आहे पण कायदाही जवळजवळ हेच विचारतो. शस्त्र कशासाठी हवं? शेतीसाठी असेल तर ही बंदूक. स्वसंरक्षणासाठी असेल तर धोका काय आहे ते दाखव.

या बंदुका घरात असण्याची किंमतपण आपण बघितलीय. रात्री जंगलात गेलेल्यांपैकी कोणालातरी रानडुक्कर समजून गोळी लागली, ही बातमी कोकणात कोणाला नवीन आहे?

आणि निवडणूक आली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा निरोप येतो. २०२४ ची विधानसभा आठवा, १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान. म्हणजे नेमकं भात पिकून कापणीला आलेलं. शेतकरी चिडणार नाही तर काय? याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर प्रकरण गेलं होतं, आणि २००९ पासून निवडणूक आयोगाचं धोरण असं आहे की सरसकट सगळ्यांना जमा करायला लावू नये. जिल्ह्याच्या छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करून ठरवावं. आपल्या गावात प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही मला कळवा, त्यावर वेगळा एपिसोड करू. आज सांगायचं एवढंच की रोज जवळ बाळगायचं पिस्तूल घेतलंस तरी ते काही दिवस तुझ्याकडे नसेल, हे धरून चाल.

'रोज जवळ' याचा अर्थपण बघ. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि झाकलेलं हवं. दाखवायचं नाही, मिरवायचं नाही, लग्नात उडवायचं नाही. लग्नात हवेत गोळीबार केला आणि कोणाचा जीव धोक्यात आला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मे महिन्यात अंगात बनियन नको वाटतं, तिथे होल्स्टर झाकायला वरून जाडा शर्ट घालून तू वाडीवाडीवर बी मोजत फिरणार. मापाच्या वेळी खाली वाकलास की सगळ्या वाडीला दिसणार. संध्याकाळपर्यंत बाजारात चर्चा, अमक्याकडे पिस्तूल आहे, म्हणजे नक्कीच रोकड आहे. मित्रांबरोबर गोव्यात जायचं तर परवाना कुठल्या हद्दीपुरता आहे ते आधी बघ. आणि एक घोट घेणार असशील तर पिस्तूल घरी. घरी म्हणजे कुठे, तर परत तोच प्रश्न.

समजा सगळं जमलं आणि ती बाईक पुन्हा मागे लागली. तुझे दोन्ही हात स्टिअरिंगवर. गोळी कधी मारायची? स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. हक्क आहे, पण बचावापुरता, त्याहून जास्त नाही. मागून येणारा आपल्या घरी जाणारा साधा माणूस असेल तर? आणि चोरच असला, तरी पळणाऱ्याच्या पाठीत लागलेली गोळी कोर्टात समजावताना तुझ्या वडिलांचा काजूचा धंदा वकिलाच्या फीमध्ये जाईल.

आता भावाचं. मित्रा, तू ते वाक्य शेवटी आणि घाईत बोललास, पण मी मेसेज तीनदा ऐकला तो त्या वाक्यासाठी. घरात बंदूक असली की त्या घरातल्या आत्महत्येचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. कारण उघड आहे. वाईट क्षण येतो आणि जातोही, पण बंदूक हाताशी असली तर माघारी फिरायला वेळ राहत नाही. कुलूप लावशील, किल्ली लपवशील. पण एका घरात वाढलेल्या भावाला किल्ली कुठे असते हे कळत नाही? फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना माजी नगरसेवकाला गोळ्या घातल्या गेल्या. वापरलेलं पिस्तूल अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. परवाना एकाचा आणि हात दुसऱ्याचा, हे होतं.

त्यामुळे तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर 'नको' असं आहे. तुझ्या घरात आत्ता तर अजिबात नको. शेतीची बंदूक घरात असेल तर तिचीपण सध्या दुसरी सोय बघ. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करता येते. आणि भावाला घेऊन डॉक्टरकडे जा. तो तयार नसेल तर आधी टेलीमानसला फोन कर, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात. घरच्या माणसानेपण फोन केला तरी चालतो.

बाकीच्या ऐकणाऱ्यांपैकी कोणाला खरोखर धमक्या येत असतील, तर रस्ता कायद्यात आहे. नमुना ए-१ मध्ये जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, डॉक्टरांचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवायची जागा, मग पोलीस तपासणी. नकार आला तर कारण लेखी मागता येतं, अपील करता येतं. परवाना पाच वर्षांचा असतो. आणि कोणी बिनपरवाना 'उत्तरेकडचा माल' स्वस्तात दाखवला तर लक्षात ठेवा, नुसतं जवळ सापडलं तरी किमान दोन वर्षं, कमाल पाच. वर असला देशी कट्टा तुमच्याच हातात फुटू शकतो.

राहिला काजूचा धंदा. तुझी भीती खोटी नाही, पण ती रोकडीमुळे आहे, तर रोकडच कमी करू. मी हिशोब मांडून बघितला. तुझ्याकडे रोज बी घालणारे मोठे बागायतदार मोजकेच असणार, त्यांना बँक ट्रान्सफर. मधल्यांना यूपीआय, दिवसाची मर्यादा साधारण एक लाख असते तेवढ्यात पुष्कळ जण बसतात. रोख फक्त म्हाताऱ्या माणसांना आणि जिथे रेंज नाही त्या वाड्यांना. त्या वाड्या सकाळी कर, म्हणजे परत येताना टेम्पोत बी असेल, पैसे नसतील. काळोख पडायच्या आत हायवेला लाग. एकटा जाऊ नको. लाइव्ह लोकेशन घरी चालू ठेव. डॅशकॅम पाच हजाराच्या आत येतो, पुढचा-मागचा दोन्ही कॅमेऱ्यांचा घे. पुन्हा कोणी मागे लागलं तर घरी वळू नकोस, सरळ पोलीस ठाण्याच्या दारात गाडी लाव आणि ११२ ला फोन कर. त्या रात्रीच्या बाईकबद्दलपण एक लेखी अर्ज देऊन ठेव, उशीर झाला असला तरी.

बागायतदारांची नावं आणि खाते नंबर भरायला एक छोटी शीट मी बनवलीय, मोबाइलवर चालते, नेट नसलं तरी. तुला पाठवतोय. अजून कोणा बी खरेदीवाल्याला हवी असेल तर मेसेज टाका. सीझन फेब्रुवारीत सुरू होतो, त्याच्या आधी वडिलांना घेऊन बँकेत एक चक्कर मारून ये. आणि भावाला या शीटच्या कामाला लावता येतं का बघ. त्याला जमेल, मी कॉलवर शिकवतो.

चला, भेटू पुढच्या रविवारी.